भाजीतलं पाणी आणि अंड्याची आच

तळेगावकडून चाकणला निघालं की खालुंब्र्यानंतर महाळुंगे इंगळे लागतं आणि पुढे खराबवाडीवरून चाकण. महसुली दप्तरात हे खेड तालुक्यातलं एक गाव आहे. प्रत्यक्षात ते चाकण एमआयडीसीच्या पोटात आहे. 2009 साली मर्सिडीझ-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने या पट्ट्यात सुरू झाले. त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे आले आणि शेतांच्या कडेला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची मुलं इथे कामाला आली. अशा खोलीत स्वयंपाकघर म्हणजे ओट्याचा एक तुकडा, पाच किलोचा सिलिंडर, एक शेगडी, एक कढई आणि एक तवा. शिफ्ट सुटली की नाक्यावरच्या गाडीवर भुर्जी-पाव खायचा, नाहीतर खोलीवर येऊन दोन अंडी फोडायची. अंडं पोटात जातं. हिरवी भाजी मात्र निवडायच्या कंटाळ्यापायी राहून जाते.

फ्रिटाटा हा या अडचणीवरचा इटालियन तोडगा आहे. फेटलेल्या अंड्यात शिजवलेली भाजी आणि हिरवा पाला घालायचा, कढईत ओतायचा आणि मंद आचेवर बोटभर जाडीची वडी होईपर्यंत थांबायचं. ऑम्लेटसारखी घडी घालायची नाही, भुर्जीसारखं हलवायचं नाही. मग त्रिकोणी तुकडे करून गरम खा किंवा गार. ऑम्लेट दोन मिनिटांत होतं, फ्रिटाट्याला पंधरा लागतात. परदेशी पाककृतींत तो शेवटी ओव्हनमध्ये जातो, म्हणून आपल्याकडे अनेकांना तो आवाक्याबाहेरचा वाटतो. पण त्याचं खरं गणित पाणी आणि आच या दोन गोष्टींत आहे. ती कळली की ओव्हनवाचून काही अडत नाही.

शेकड्याचा भाव

सामान गोळा करायला महाळुंग्यातून लांब जावं लागत नाही. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचं महात्मा फुले मार्केट यार्ड चाकणला आहे आणि शनिवारच्या बाजारात तिथे आजूबाजूच्या गावांतून मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर उतरते. ठोक बाजारात पालेभाजीचा भाव किलोवर निघत नाही, शंभर जुड्यांवर निघतो. अंड्यांचंही तसंच आहे. नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे ‘संडे हो या मंडे’च्या जाहिरातीवाली संस्था, पुण्यासकट देशातल्या प्रमुख केंद्रांसाठी रोज भाव सुचवते तो शंभर अंड्यांचा असतो. ही कमिटी 1982 साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याआधी अंड्याचा भाव व्यापारी ठरवत, पोल्ट्रीवाल्याच्या हातात काही नसे.

चाकण हे कांद्याचं मोठं मार्केट. इथून पुणे-नाशिक महामार्गाने वर गेलं की आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार लागतं. तिथला पावसाळी बटाटा प्रसिद्ध आहे. आणखी पुढे जुन्नर तालुक्यात नारायणगावचा टोमॅटोचा बाजार. कांदा, बटाटा, टोमॅटो आणि पालेभाजी एकाच रस्त्यावर पिकते आणि विकली जाते. फ्रिटाट्याला याहून जास्त काही लागत नाही. चीज घातलं तर चांगलंच, नसलं तरी चालतं.

खाण्याच्या हिशेबानेही ही जोडी जमते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात, पण चोथा नसतो आणि क जीवनसत्त्वही नसतं. पालेभाजीत चोथा असतो, फोलेट असतं आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते कॅरोटीन असतं. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर पोटात गेलं तरच नीट शोषलं जातं, आणि पिवळ्या बलकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा स्निग्धच असतो. 2023-24 साली देशात अंड्यांची उपलब्धता माणशी वर्षाला 103 होती; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस 180 अंड्यांची आहे.

अंडं कसं आळतं

कवच बाजूला केलं तर अंड्यात पंचाहत्तर टक्के पाणी असतं. इतकं पाणी असलेला पदार्थ गरम केल्यावर पातळ न होता घट्ट होतो, याचं कारण त्यातली प्रथिनं. कच्च्या अंड्यात त्यांचे लांब धागे दोऱ्याच्या गुंडीसारखे गुंडाळलेले आणि एकमेकांपासून सुटे असतात. उष्णता लागली की गुंड्या उलगडतात, धागे एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी तयार होते. पाणी त्या जाळीत धरलं जातं. आपण ज्याला अंडं शिजलं म्हणतो ते हेच.

सगळी प्रथिनं एकाच वेळी उलगडत नाहीत. पांढरा बलक साधारण 62 अंश सेल्सियसला दाट होऊ लागतो. पिवळा 65च्या आसपास घट्ट व्हायला लागतो आणि 70ला बसतो. पांढऱ्यातलं सर्वांत जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, मात्र 80 अंशांपर्यंत थांबतं. दोन्ही एकत्र फेटले की मिश्रण 73 अंशांच्या आसपास आळतं. तिथे ते मऊ आणि ओलसर असतं. आच चढतीच राहिली तर जाळी आवळत जाते आणि आतलं पाणी बाहेर पिळून काढते. ताटलीत पाणी सुटलेली, वरून रबरी झालेली भुर्जी आपण सगळ्यांनी खाल्लेली असते. तिथे अंड्याचा दोष नसतो, दहा-पंधरा अंश जास्त चढलेल्या आचेचा असतो.

दूध कशासाठी घालतात, तेही यातून कळतं. दुधाने प्रथिनं विरळ होतात, धागे एकमेकांना उशिरा भेटतात आणि आळण्याचं तापमान थोडं वर सरकतं. चुकायला जागा मिळते. अंड्यामागे चमचाभर दूध किंवा साय पुरे. त्यापुढे गेलात तर वडी धरत नाही. मीठ फेटतानाच घालावं. मिठामुळे अंडं किंचित लवकर आळतं, पण जाळी मऊ राहते. फेटणं बेताचं हवं. पांढऱ्याच्या तारा मोडल्या की थांबायचं. फेस येईपर्यंत फेटलं तर फ्रिटाटा कढईत छान फुगतो आणि ताटात उतरवताच बसतो.

भाजीतलं पाणी

आता दुसरा हिशेब. निवडून धुतलेला पालक अडीचशे ग्रॅम घेतला, तर त्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. चार अंड्यांच्या बलकात मिळून पाणी दीडशे ग्रॅम. म्हणजे कच्चा पालक थेट अंड्यात टाकला तर अंड्यात मुळात असलेल्या पाण्याहून जास्त पाणी आपण वरून ओततो, आणि ते आळायचं तापमान गाठताना सुटतं. जाळी तेवढं पाणी धरू शकत नाही. खाली चिखल आणि वर पोळी, असं होतं ते यामुळे.

म्हणून भाजी आधी शिजवायची आणि तिचं पाणी आधीच उडवायचं. पालक, चाकवत चिरून कोरड्या कढईत टाका. दोन मिनिटांत पाला बसतो, पाणी सुटतं; आच मोठी करून ते आटवा, गार झाल्यावर मुठीत पिळा. जुडीचा जेमतेम मूठभर गोळा उरतो आणि तेवढाच हवा असतो. पिळलेलं पाणी वरणात घाला. टोमॅटोत 94 टक्के पाणी आणि त्यातलं बरंचसं बियांच्या गरात. गर काढून भिंतीच तेवढ्या चिरा. दुधी, काकडी, कोवळा भोपळा किसून मीठ लावा आणि दहा मिनिटांनी पिळा. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. कांदा तेलावर गुलाबी होईपर्यंत परता. बटाटा मात्र आधी उकडायचा किंवा पातळ चकत्या करून तेलात मऊ करायचा. अंडं आळायच्या वेळात कच्चा बटाटा शिजत नाही. स्पेनमध्ये अंडं, बटाटा आणि कांदा एवढ्यावरच जाड तोर्तिया करतात, त्यातही बटाटा आधी तेलात मऊ झालेला असतो.

आपल्या हाताला लागलेली एक सवय इथे सोडावी लागते. फळभाजी लागू नये म्हणून आपण कढईवर ताट ठेवतो आणि ताटात पाणी ओततो. पाण्याने ताट थंड राहतं, वाफ त्याला लागून थेंब होऊन परत भाजीत पडते. वांग्या-बटाट्याच्या भाजीला हे उत्तम. फ्रिटाट्यावर मात्र थेंब पडता कामा नये. झाकणात पाणी तर नाहीच, उलट झाकणाला आतून कोरडं सुती फडकं बांधा आणि त्याची टोकं वर उचलून गाठ मारा, म्हणजे ज्योतीला लागणार नाहीत. फडकं वाफ टिपून घेतं.

कोणता पाला कधी

पाल्याचा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. काही पाल्यांतली तेलं उष्णतेला टिकतात, काहींतली नाहीत. मेथी, शेपू, कांद्याची पात आणि लसणाची पात परतून घातली तरी आपली ओळख ठेवतात. कोथिंबीर आणि पुदिना परतले की नुसता हिरवा रंग उरतो. त्यांना कच्चेच, अगदी शेवटी फेटलेल्या अंड्यात मिसळा. ही तेलं स्निग्ध पदार्थात विरघळतात, त्यामुळे पिवळा बलक त्यांचा वास धरून ठेवतो. मूठभर शेपू मुगाच्या डाळीत जितका भासतो त्याहून अंड्यात जास्त भासतो, तेव्हा पहिल्यांदा हात आखडता ठेवावा. मेथी कडू वाटत असेल तर चिरून मीठ चोळावं आणि पिळावं. अंबाडी आंबट असते. आंबटपणाने अंडं लवकर आळतं, म्हणून ती थोडीच आणि शिजवूनच घालावी.

थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत, हा पदार्थ सर्वांत चांगला होतो. तेव्हा मेथी कोवळी असते, ओली लसूणपात मिळते, मटार स्वस्त असतो. पावसाळ्यात पालेभाजीला माती आणि पाणी दोन्ही जास्त, तेव्हा तीन पाण्यांनी धुवावी आणि फडक्यावर पसरून निथळू द्यावी. उन्हाळ्यात पालेभाजी महागली की कांदा, बटाटा आणि सिमला मिरचीवर भागवावं.

एका शेगडीवर

आता प्रत्यक्ष कृती. हे प्रमाण तिघांना पुरतं.

सहा अंडी, सहा चमचे दूध, पाऊण चमचा मीठ, थोडी मिरपूड. पालक किंवा मेथीची एक जुडी. दोन मध्यम कांदे, एक उकडलेला बटाटा, एका टोमॅटोच्या भिंती, दोन हिरव्या मिरच्या. शेपूच्या दोन-चार काड्या आणि मूठभर कोथिंबीर. तेल दोन मोठे चमचे. भांडं वीत-सव्वावीत व्यासाचं, जाड बुडाचं, सपाट. निर्लेप असेल तर काम सोपं. लोखंडी कढई आधी नीट तापवून, तेल फिरवून वापरावी. लोखंडात अंड्याला कधीकधी हिरवट छटा येते, ती निरुपद्रवी असते.

अंडी एकेक वाटीत फोडून मग मोठ्या भांड्यात घ्या, म्हणजे एक खराब निघालं तर सगळी फुकट जात नाहीत. भाज्या वर सांगितल्याप्रमाणे परतून, पाणी उडवून ताटात पसरा आणि कोमट होऊ द्या. कढत भाजी अंड्यात घातली तर तिथेच गुठळ्या होतात. भाजी, अंडी आणि कच्ची कोथिंबीर एकत्र करा. या वेळी भाजी आणि अंडं जवळजवळ बरोबरीचं दिसलं पाहिजे.

भांड्यात तेल मध्यम आचेवर तापवा. मिश्रणाचा एक थेंब टाकून पाहा. तो चुरचुरला पाहिजे, उडता कामा नये. सगळं मिश्रण ओता. पहिलं अर्धं मिनिट उलथन्याने कडेचं आळलेलं मधे आणा आणि पातळ कडेला जाऊ द्या, मग हात काढून घ्या. आता भांडं उचलून खाली तवा ठेवा, तव्यावर भांडं, आणि आच सर्वांत बारीक. बिर्याणीला दम देताना आपण हेच करतो. ज्योत तव्याला लागते, भांड्याला फक्त तव्याची ऊब मिळते. फडकं बांधलेलं झाकण ठेवा.

दहा मिनिटांनी उघडा. कडा सुटलेल्या असतील, मध्यभाग मात्र भांडं हलवल्यावर थरथरेल. त्यावर ताटली पालथी ठेवून एका झटक्यात उलटा, रिकाम्या भांड्यात अर्धा चमचा तेल सोडा आणि वडी सरकवून परत घाला. आणखी दोन मिनिटं. उलटायचा धीर होत नसेल तर आच बंद करून झाकण तसंच पाच मिनिटं राहू द्या. साठलेली उष्णता वरचा थर आळवते. सुरी मधोमध खुपसून बाहेर काढली आणि पातळ अंडं चिकटलं नाही, की झालं. पाच मिनिटं थांबून कापा. लगेच कापलंत तर जाळी अजून सैल असते आणि तुकडे मोडतात.

जुनी सोयरीक

आच खालून आणि वरून देऊन जाड वडी करायची पद्धत आपल्याकडे नवी नाही. पाठारे प्रभू आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी भानोले होतं. चिरलेला कोबी, काही घरांत कोलंबी, बेसनात मिसळून थापायची आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायची. गॅसच्या शेगड्या आल्यावर निखारे गेले आणि भानोले ओव्हनमध्ये किंवा तव्यावर गेलं. पारशी घरांत ‘पर ईडू’ असतं. भेंडी, टोमॅटो किंवा बटाट्याच्या सळ्यांचा थर परतायचा, त्यावर अंडी फोडायची, झाकण ठेवून मंद आचेवर आळू द्यायची. तिथे अंडं फेटत नाहीत, पण भाजी आधी आणि अंडं नंतर हा क्रम तोच.

फ्रिटाट्याच्या सर्वांत जवळचा पदार्थ मात्र इराणचा आहे. नवरोजला, मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेच्या सुमारास, इराणी घरांत कुकू सब्जी करतात. त्यात कोथिंबीर, शेपू, पार्सली आणि पातीसारखा एक पाला इतका घालतात की अंडं फक्त तो बांधून ठेवण्यापुरतं उरतं. यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या इराण्यांनी मुंबई-पुण्यात कॅफे काढले. पुण्यातलं डेक्कनवरचं कॅफे गुडलक 1935 सालचं, आणि व्होहुमन कॅफे त्याच्या चीज ऑम्लेटसाठी ओळखलं जातं. कॅफेत ऑम्लेट-पाव आणि बन-मस्का चालला; कुकू घरच्या स्वयंपाकातच राहिली. तिचे दोन मुख्य पाले, शेपू आणि कोथिंबीर, चाकणच्या बाजारात शेजारी-शेजारी लावलेले असतात.

अंडं चालत नसेल तर

महाळुंग्याच्या एका अंगाला देहू आहे, दुसऱ्या अंगाला आळंदी. या पट्ट्यात माळकरी घरं पुष्कळ, आणि इतरांच्या घरीही श्रावण, चतुर्थी, गुरुवार पाळले जातात. श्रावणात अंड्याची मागणी उतरते. तेव्हा हाच पदार्थ बेसनाचा करता येतो. मराठी घरांतलं टोमॅटो ऑम्लेट बेसनाचंच असतं. फक्त गणित थोडं बदलतं. बेसन आळतं ते प्रथिनांबरोबर स्टार्चनेही, आणि स्टार्च फुगायला पाणी लागतं. त्यामुळे भाजी इथे पिळायची नाही. तिचं पाणी पिठाला हवंच असतं. एक वाटी बेसन, पाऊण ते एक वाटी पाणी, ओवा, हळद, चिमूटभर हिंग आणि दोन वाट्या चिरलेला पाला. पीठ अर्धा तास भिजू द्यावं आणि आच अंड्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी. कच्च्या बेसनाचा वास गेला की झालं. माळ नसलेल्यांनी दोन अंडी आणि अर्धी वाटी बेसन असं मिश्रण करून पाहावं. ते लवकर मोडत नाही आणि डब्यात चांगलं राहतं.

डबा आणि काळजी

फ्रिटाटा गार खाता येतो, पण उन्हात ठेवता येत नाही. अंड्यातून साल्मोनेला हा जंतू येऊ शकतो. मधोमध 71 अंश गाठले की तो मरतो, म्हणून थरथरणारा मध्यभाग डब्याला देऊ नये, पुरता आळू द्यावा. शिजवलेला फ्रिटाटा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासभरच. सकाळच्या शिफ्टचा डबा दुपारी उघडणार असेल आणि कंपनीत फ्रीज नसेल, तर तो रात्रीच्या जेवणाला करावा, डब्याला नाही.

फ्रीज नसलेल्या खोलीत अंडी सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याच्या आत संपवा. आणल्या आणल्या धुऊ नका. कवचावर असलेला नैसर्गिक लेप धुतला जातो आणि कवचाच्या हजारो छिद्रांतून जंतूंना वाट मिळते. वापरायच्या वेळी धुवा. शंका आली तर अंडं पाण्यात सोडा. ताजं आडवं बुडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाकून द्या. दिवस जातात तसं आतलं पाणी छिद्रांतून उडतं आणि हवेची पोकळी वाढते, म्हणून अंडं हलकं होतं.

शनिवारी चाकणच्या बाजारात गेलात तर एकच जुडी घ्या, चार नको. निवडायला दहा मिनिटं, परतायला पाच, आळायला पंधरा. भाजी पिळून कोरडी करा आणि आच बारीक ठेवा. या दोन गोष्टी सांभाळल्यात तर पहिलाच फ्रिटाटा चांगला होईल. त्या सोडल्यात तर महागडा ओव्हनही तो वाचवणार नाही.